माशीच्या प्रथिनांवरची आखूड साखर

ड्रोसोफिला या फळमाशीच्या अळीत चेता स्नायूला कुठे आणि कशी भिडते हे पाहायचं असलं की आमच्या प्रयोगशाळेतला क्रम ठरलेला असतो. कोषात जायच्या बेतात असलेली, तिसऱ्या अवस्थेतली गुबगुबीत अळी उचलायची. सिलिकॉनचा मऊ थर दिलेल्या बशीत तिला डोक्याकडे एक आणि शेपटीकडे एक अशा केसासारख्या बारीक टाचण्या मारायच्या. पाठीवरून उभा छेद द्यायचा, आतडं आणि चरबी चिमट्याने अलगद उचलून टाकायची आणि कातडी चारी बाजूंनी ताणून टाचायची. आता समोर फक्त स्नायूंचे आडवे-तिरपे पट्टे उरतात. ते फॉर्माल्डिहाइडमध्ये बुडवून पक्के करायचे आणि रात्रभर एका ठरावीक अँटिबॉडीत ठेवायचे. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की स्नायू अंधारात असतात आणि त्यांच्यावर चेतांची टोकं बारीक मण्यांच्या माळेसारखी उजळलेली दिसतात. हे दृश्य मी वर्षानुवर्षं पाहते आहे, तरी नवीन नमुना भिंगाखाली सरकवताना मनाची उत्सुकता कमी झालेली नाही.

ही अँटिबॉडी माशीच्या कुठल्याही प्रथिनाविरुद्ध तयार केलेली नाही. हॉर्सरॅडिश नावाची मोहरीच्या कुळातली एक तिखट मुळांची वनस्पती आहे. तिच्या मुळातलं पेरॉक्सिडेज हे एन्झाइम सशाला टोचतात आणि सशाच्या रक्तात त्याविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी वापरतात. त्या माशीच्या चेतापेशींना नेमक्या जाऊन चिकटतात, हे लिली जान आणि यू-नुंग जान या दांपत्याने १९८२ मध्ये दाखवलं, ड्रोसोफिलात आणि नाकतोड्याच्या भ्रूणातही. तेव्हापासून माशीवर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांच्या फ्रीजमध्ये ही कुपी असते.

वनस्पतीचं मूळ आणि माशीची चेता यांच्यात समान काय, तर साखर. दोघांच्याही प्रथिनांवर साखरेचा जो गुच्छ असतो, त्याच्या अगदी बुडाशी फ्युकोज नावाची एक छोटी साखर एका विशिष्ट बंधाने जोडलेली असते. रसायनात त्या बंधाला अल्फा-१,३ म्हणतात. सस्तन प्राण्यांच्या पेशी बुडाशी हा बंध कधीच तयार करत नाहीत. म्हणून सशाच्या प्रतिकारसंस्थेला तो परका वाटतो आणि सशाच्या अँटिबॉडींपैकी काही थेट या साखरेविरुद्धच तयार होतात. त्याच मग माशीतला तोच बंध ओळखतात.

मला हा विषय आज लिहावासा वाटला, त्याला कारण एक स्लाइड आहे. जैवतंत्रज्ञानाच्या व्याख्यानांत ती कुठल्या ना कुठल्या रूपात हमखास येते. डावीकडे जिवाणू, त्यापुढे यीस्ट, मग कीटक आणि उजव्या टोकाला माणूस. प्रत्येकाखाली त्याच्या प्रथिनांवरच्या साखरेचं चित्र. माणसाची साखर फांद्या फुटलेली आणि भरगच्च, तर कीटकाची आखूड आणि खुंटलेली. खाली ओळ असते की कीटकांत ही प्रक्रिया "साधी" किंवा "अपूर्ण" असते. विद्यार्थी ते तसंच वहीत उतरवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ती साखर आखूड आहे हे खरं, पण अपूर्ण हा शब्द चूक आहे. कीटक ती साखर मेहनत घेऊन आखूड करतात, आणि जिथे लांब हवी तिथे लांबही करतात.

सुरुवात सगळ्यांची सारखीच होते. माणूस असो, माशी असो वा यीस्ट, पेशीच्या अंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे जिथे अशी प्रथिनं घडतात त्या भागात, १४ साखरांचा एक तयार गुच्छ डॉलिकॉल नावाच्या स्निग्ध रेणूवर बांधून ठेवलेला असतो. त्यात ३ ग्लुकोज, ९ मॅनोज आणि बुडाशी २ एन-ॲसिटिल-ग्लुकोसअमाइन असतात. या शेवटच्या लांब नावाला प्रयोगशाळेत कुणी पूर्ण उच्चारत नाही. आम्ही ग्लकनॅक म्हणतो, इथेही तेच म्हणते. नवीन प्रथिन तयार होत असतानाच त्यातल्या ॲस्परजिन या अमिनो आम्लावर हा अख्खा गुच्छ एका झटक्यात चढवला जातो. मात्र त्यासाठी ॲस्परजिनपासून दुसऱ्या जागी सेरीन किंवा थ्रिओनीन असावं लागतं आणि मधल्या जागी प्रोलीन चालत नाही. प्रथिनाची घडी नीट बसली की नाही हे पेशी याच गुच्छावरून तपासते. ग्लुकोज काढून टाकली जातात, मग काही मॅनोज. प्रथिन गॉल्जी या पेशीतल्या पुढच्या विभागात पोचतं तेव्हा त्यावर पाच मॅनोजचा गुच्छ उरलेला असतो.

इथे एमगॅट१ हे एन्झाइम एका फांदीवर एक ग्लकनॅक लावतं. ही साखर लागली की पुढच्या एन्झाइमला आणखी दोन मॅनोज कापता येतात आणि बुडाशी फ्युकोज लावणाऱ्या एन्झाइमांनाही काम करता येतं. एमगॅट१ ची ही एक साखर नसेल तर पुढचं जवळजवळ सगळं अडतं. इथपर्यंत माशी आणि माणूस एकाच वाटेवर असतात.

यानंतर माणसाची पेशी त्या ग्लकनॅकवर गॅलॅक्टोज आणि टोकाला सियालिक आम्ल चढवत जाते. कीटकाची पेशी मात्र बहुतेक वेळा नुकतंच लावलेलं ते ग्लकनॅक कापून टाकते. व्हिएन्नातल्या फ्रीडरिश आल्टमान यांच्या गटाने १९९५ मध्ये कीटकांच्या पेशींत पटलाला बांधलेलं एक एन्झाइम शोधलं. ते नेमक्या याच एका फांदीवरचं ग्लकनॅक काढतं, दुसऱ्या फांदीला हात लावत नाही. पुढे २००६ मध्ये ड्रोसोफिलात त्याचा जनुक सापडला. तो जनुक आधीपासून माहीत होता, पण अगदी वेगळ्या कारणाने. त्याचं नाव फ्यूज्ड लोब्ज. माशीच्या मेंदूत वासाची आठवण साठवणारी मश्रूम बॉडी नावाची जोडीने असलेली रचना असते. या जनुकात बिघाड झाला की तिचे डावे-उजवे खंड मध्यरेषेवर एकमेकांत मिसळून जातात. मेंदूची रचना पाहणाऱ्यांना सापडलेला जनुक साखर कापणारा निघाला.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एखादी साखर लावण्याची क्षमता नसणं वेगळं. आधी ती लावायची, तिच्या आधाराने दोन मॅनोज कापून घ्यायचे, फ्युकोज लावून घ्यायचं आणि मग ती काढून टाकायची, यासाठी एक जास्तीचं एन्झाइम बाळगावं लागतं. स्लाइडवर जे खुंटलेलं चित्र दिसतं, त्यातल्या पेशीने माणसाच्या पेशीपेक्षा एक पायरी जास्तच केलेली आहे. या आखूड गुच्छाला पॉसिमॅनोज म्हणतात: तीन मॅनोज, दोन ग्लकनॅक आणि बहुतेकदा बुडाशी एखादं फ्युकोज. माशीच्या अंगभर हेच सापडतात, आणि त्यांच्या जोडीला अजून न छाटलेले मॅनोजबहुल गुच्छ.

मग एमगॅट१ च काढून टाकलं तर काय होतं? उंदरात असा भ्रूण गर्भाच्या मध्यावरच मरतो. टोरांटोच्या हॅरी शॅक्टर आणि गॅब्रिएल बुलियान यांच्या गटांनी २००६ मध्ये एमगॅट१ नसलेली माशी बनवली. ती कोषातून बाहेर येते, पण तिची हालचाल बिघडलेली असते आणि ती लवकर मरते. तिच्याही मश्रूम बॉडीचे खंड मध्यरेषेवर जोडले जातात. २०१० मध्ये याच गटांनी एमगॅट१ फक्त चेतापेशींत परत दिलं, बाकी सगळं शरीर तसंच ठेवलं. तेवढ्यानेही माशीचं आयुष्य सावरलं, इतकंच नाही तर वाढलं. शरीरभर पसरलेल्या या साखरेची सगळ्यात जास्त निकड चेतासंस्थेला आहे, हे इतकं स्पष्ट दाखवणारे प्रयोग थोडेच असतात.

आता पुन्हा त्या बुडाशी असलेल्या फ्युकोजकडे येते, कारण त्याचा माणसाशी थेट संबंध आहे. बुडाशी फ्युकोज दोन तऱ्हांनी लागतं. एका बंधाला अल्फा-१,६ म्हणतात आणि तो माणसातही असतो. दुसरा अल्फा-१,३, वनस्पती आणि कीटकांचा. कीटकांत तर एकाच गुच्छावर दोन्ही बंध एकदम असू शकतात. मधमाशीच्या डंखातलं मुख्य प्रथिन फॉस्फोलायपेज ए२ हे त्याचं ठळक उदाहरण. त्याच्या गुच्छांवर अशी दुहेरी फ्युकोज आढळतात, हे १९९३ मध्ये तपशिलात मांडलं गेलं.

माझ्या एका सहकाऱ्याला मधमाश्या पाळायचा छंद आहे. एकदा डंखानंतर त्याचा हात कोपरापर्यंत सुजला. ॲलर्जीची रक्ततपासणी केली, तर मधमाशी, गांधीलमाशी आणि गवताचे परागकण हे तिन्ही सकारात्मक! गांधीलमाशी त्याला कधी चावल्याचं आठवत नव्हतं आणि परागकणांनी कधी साधी शिंकही आली नव्हती. त्याने तो कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी त्याला बुडाशी असलेलं फ्युकोज कागदावर काढून दाखवलं. आपल्या शरीरात हा बंध नसल्याने काही जणांत त्याविरुद्ध आयजीई जातीच्या, म्हणजे ॲलर्जीत दिसणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात, आणि हा बंध जिथे जिथे असेल तिथे तिथे तपासणीत त्या चिकटतात. १९८१ पासून हे माहीत आहे. सर्वसाधारणपणे या साखरेविरुद्धच्या अँटिबॉडींमुळे लक्षणं दिसत नाहीत, पण कागदावर मात्र तीन-तीन ॲलर्जी दिसतात. म्हणून ॲलर्जीतज्ज्ञ आता साखर नसलेली प्रथिनं वापरून पुन्हा तपासणी करतात, म्हणजे खरा शत्रू कोणता हे कळतं. त्याच्या डॉक्टरांनी तेच केलं आणि फक्त मधमाशी उरली. डंखाची ॲलर्जी जिवावर बेतू शकते, त्यामुळे उपचार कोणत्या माशीसाठी घ्यायचा हा प्रश्न साधा नव्हता.

माशीच्या शरीरात हे अल्फा-१,३ फ्युकोज मुख्यतः चेतासंस्थेतच का, याचं एक सुंदर उत्तर २००३ मध्ये मिळालं. भ्रूणात टोलो नावाचा एक ग्राही, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं संकेत पकडणारं प्रथिन, असतो. तो चेतापेशींवर नसून त्यांच्या शेजारच्या, चेता नसलेल्या पेशींवर असतो. टोलो काढला की चेतापेशींवर ही साखर येत नाही. म्हणजे चेतापेशीने कुठली साखर घालायची, ते तिच्या शेजाऱ्यांवरही अवलंबून असतं.

हाच धागा सियालिक आम्लातही सापडतो, आणि या विषयातला मला सर्वांत प्रिय भाग तोच आहे. सियालिक आम्ल ही ऋणभारित साखर माणसाच्या पेशींवर सर्रास असते. ती लावणारी २० एन्झाइमं आपल्याकडे आहेत. कीटकांत ती नसतेच असं अनेक वर्षं मानलं जात होतं. १९९२ मध्ये सायन्स या नियतकालिकात ड्रोसोफिलाच्या भ्रूणात सियालिक आम्ल असल्याचा शोधनिबंध आला तेव्हा बराच वाद झाला, कारण इतकी कमी साखर अन्नातून किंवा माध्यमातून आलेली असू शकते, ही शंका रास्त होती. मग माशीच्या जनुकसंचात ती तयार करणारा जनुक सापडला, आणि २००४ मध्ये ती प्रथिनांवर लावणारं एन्झाइमही. त्याचं नाव डीसियाट. संपूर्ण माशीत या कामासाठी हे एकच एन्झाइम आहे.

व्लादिस्लाव पानिन यांच्या गटाने डीसियाट कुठे असतं ते शोधलं, तर मध्यवर्ती चेतासंस्थेतल्या चेतापेशींत. ते काढून टाकलेल्या माश्या जगतात, पण चालताना अडखळतात, त्यांचं आयुष्य कमी असतं आणि तापमान वाढवलं की त्यांना लकवा भरतो. असा तापमानाने येणारा लकवा माशीवाल्यांच्या ओळखीचा आहे. चेतापेशीत विद्युतसंकेत उठवणाऱ्या सोडियम वाहिनीत दोष असलेल्या पॅरालिटिक माश्यांतही तोच दिसतो. डीसियाटचा संबंध याच वाहिनीशी निघाला. सियालिक आम्ल नसेल तर चेतापेशी हव्या तशा उद्दीपित होत नाहीत. हा लकवा मी प्रत्यक्ष पाहिलेला आहे: कोमट पाण्यात बुडवलेल्या काचेच्या नळीत माश्या चढता चढता खाली पडतात, पाय हलत राहतात पण अंग उचलत नाही. नळी पुन्हा थंड केली की थोड्या वेळात त्या उठून चालू लागतात.

आणि २०२३ मध्ये याच गटाने दाखवलं की सियालिक आम्ल वापरायच्या आधी ते ज्या एन्झाइमने सक्रिय करावं लागतं, ते एन्झाइम चेतापेशीत नाहीच. ते शेजारच्या ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींत आहे. डीसियाट चेतापेशीत आणि त्याला लागणारी तयार साखर ग्लियाकडे. एकाच साखरेच्या जोडणीची दोन कामं दोन वेगळ्या पेशींनी वाटून घेतलेली. एरवी पाठ्यपुस्तकांत ही सगळी वाट एकाच पेशीत दाखवतात. हा शोधनिबंध आला तेव्हा मी तो छापून घेतला आणि आमच्या साप्ताहिक वाचनात सगळ्यांबरोबर ओळीने वाचला. चेतापेशी किती उद्दीपित व्हावी यावर शेजारच्या पेशीचा असा हात असेल, तर माझ्या मते कीटकांतल्या सियालिक आम्लाला "अत्यल्प" म्हणून बाजूला सारणं आता थांबायला हवं.

ॲस्परजिनवरच्या साखरेखेरीज सेरीन आणि थ्रिओनीनवर जोडल्या जाणाऱ्या साखरांचं वेगळंच कुटुंब आहे. त्याबद्दल एका लेखात सांगणं शक्य नाही, म्हणून थोडक्यात सांगते. नॉच या ग्राहीवर आधी फ्युकोज लागतं आणि त्यावर फ्रिंज हे एन्झाइम एक ग्लकनॅक लावतं. फ्रिंज साखर लावणारं एन्झाइम आहे हे २००० मध्ये कळलं. ही एक साखर लागली की नॉच डेल्टा या संकेताला जास्त आणि सेरेट या संकेताला कमी दाद देतो. माशीच्या पंखाची वरची आणि खालची बाजू जिथे मिळते ती कड याच फरकातून आखली जाते. मॅनोज लावणाऱ्या दोन एन्झाइमांपैकी एकाचा जनुक बिघडला की माशीचं पोट पिळवटून एका बाजूला वळतं. त्या जनुकाचं नावच रोटेटेड ॲब्डोमेन. माणसात त्याच्याच भावंडातल्या बिघाडाने वॉकर-वॉरबर्ग सिंड्रोम हा स्नायू, मेंदू आणि डोळ्यांचा गंभीर आजार होतो. आणि ड्रोसोसिन हे माशीचं फक्त १९ अमिनो आम्लांचं जिवाणूनाशक. त्याच्या अकराव्या जागेवरच्या थ्रिओनीनवर साखर असते, आणि ती नसेल तर त्याचा जोर ओसरतो.

यातलं एक उदाहरण मात्र आमच्या नळ्यांच्या भिंतींवर रोज दिसतं. कोषात जायच्या आधी अळी अन्नातून वर काचेवर चढते, लाळग्रंथींतून गोंद बाहेर टाकते आणि तिथेच चिकटून बसते. या गोंदातलं एसजीएस३ हे प्रथिन साखरेने लगडलेलं असतं, आपल्या श्लेष्मातल्या म्युसिनसारखं. त्यावर साखर लावणाऱ्या एन्झाइमांपैकी एकाला काढलं तर लाळग्रंथीतल्या गोंद साठवणाऱ्या बारीक पिशव्यांचा आकारच बिघडतो, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. सुकलेला कोष कोरड्या ब्रशने काढायला गेलं तर फुटतो. पाण्याचे दोन थेंब सोडले, थोडं थांबलं, की गोंद फुगून मऊ होतो आणि कोष अख्खा सुटतो. नवीन विद्यार्थ्याला मी हे पहिल्याच दिवशी करायला लावते, कारण त्यात साखर पाणी धरून ठेवते म्हणजे काय ते बोटांना कळतं.

कीटकांमध्ये आपसातही बराच फरक आहे, तो विसरता कामा नये. बोंडअळीच्या नातलगांपैकी स्पोडोप्टेरा फ्रुजिपेर्डा या पतंगाच्या एसएफ९ पेशी आणि ट्रायकोप्लुसिया नी या पतंगाच्या हाय फाइव्ह पेशी या दोन्ही प्रयोगशाळांत सर्वत्र वापरल्या जातात. पण हाय फाइव्हच्या प्रथिनांवर ते ॲलर्जीवालं अल्फा-१,३ फ्युकोज भरपूर असतं, एसएफ९ मध्ये नगण्य. अँथेरिया पर्नी या रेशीमकिड्याच्या साठवणीतल्या एका प्रथिनावर तर नऊही मॅनोज आणि वर एक ग्लुकोज अजून शिल्लक असतं. ती साखर प्रथिनाच्या घड्यांत अशी दडलेली असते की छाटणाऱ्या एन्झाइमांना तिच्यापर्यंत पोचताच येत नाही.

कीटकाच्या आतड्याच्या आतल्या बाजूला कायटिन आणि साखरेने मढलेल्या म्युसिनचं एक पातळ अस्तर असतं. ते अन्नाला आतड्याच्या पेशींपासून वेगळं ठेवतं आणि रोगजंतूंनाही अडवतं. बॅक्युलोव्हायरस हे कीटकांचे विषाणू. त्यातल्या काहींकडे एनहॅन्सिन नावाचं प्रथिन असतं आणि ते नेमकं हेच म्युसिन तोडतं, असं १९९७ मध्ये ट्रायकोप्लुसियाच्या अळीत दिसलं. बीटी या जिवाणूचं क्राय१एसी हे विष तंबाखूवरच्या मॅंडुका अळीच्या आतड्यातल्या एका प्रथिनावरची साखर ओळखून तिथे चिकटतं. स्नोड्रॉप या फुलझाडाचं लेक्टिन, म्हणजे साखर ओळखणारं प्रथिन, मॅनोज पकडतं, आणि कीटकांच्या आतड्यात उघडं मॅनोज भरपूर असल्याने रस शोषणाऱ्या तुडतुड्यांवर त्याचा परिणाम होतो. वनस्पती, विषाणू आणि जिवाणू या तिघांचाही रोख कीटकांच्या साखर चढलेल्या प्रथिनांवर असतो.

त्या स्लाइडला "अपूर्ण" हा शब्द का सुचला, तेही समजून घ्यायला हवं. १९८३ मध्ये टेक्सासमध्ये गेल स्मिथ, मॅक्स समर्स आणि माल्कम फ्रेझर यांनी बॅक्युलोव्हायरसच्या मदतीने कीटकांच्या पेशींत मानवी इंटरफेरॉन बीटा तयार केलं. तेव्हापासून या पेशी प्रथिनांचे कारखाने झाल्या. आणि कारखान्याच्या दृष्टीने अडचण खरीच होती: टोकाला मॅनोज उघडं असलेलं औषधी प्रथिन रक्तात सोडलं की यकृतातले आणि भक्षक पेशींवरचे मॅनोज ओळखणारे ग्राही ते पटकन उचलून नेतात. म्हणून डोनाल्ड जार्विस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी एसएफ९ मध्ये सस्तन प्राण्यांचे जनुक घालून मानवी धाटणीची साखर करवून घेतली. हे काम मोलाचं आहे, याबद्दल दुमत नाही.

पण गोशे आजाराचं उदाहरण घ्या. त्यात भक्षक पेशींत एका एन्झाइमची कमतरता असते आणि ते बाहेरून द्यावं लागतं. इमिग्लुसरेज हे त्यावरचं औषध सस्तन प्राण्याच्या पेशींत बनतं, तिथे त्यावर लांब साखर चढते, आणि मग ती मुद्दाम एन्झाइमांनी छाटून तीन मॅनोजच्या गाभ्यापर्यंत आणतात, म्हणजे भक्षक पेशी ते उचलतील. माशीची पेशी हीच छाटणी स्वतःहून करते. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली फ्लूब्लॉक ही इन्फ्लुएंझाची लस आणि नोव्हाव्हॅक्सची कोविडची लस, दोन्हींची प्रथिनं पतंगाच्या पेशींत तयार होतात आणि त्यांवर कीटकांची साखर असते. लसीचं प्रथिन रक्तात रेंगाळण्याची गरजच नसते, प्रतिकारसंस्थेच्या पेशींनी ते उचलावं हेच हवं असतं.

शेवटी डासाबद्दल, कारण इथे कीटकाची साखर माणसात शिरते. डेंग्यूचा विषाणू स्वतः साखर बनवत नाही. ज्या पेशीत तो वाढतो, तिचीच साखर त्याच्या आवरणाच्या प्रथिनावर चढते. डास चावतो तेव्हा आत जाणाऱ्या विषाणूंवर डासाची, मॅनोज उघडं असलेली साखर असते. आपल्या त्वचेतल्या डेंड्रिटिक या प्रतिकारसंस्थेच्या पेशींवर डीसी-साइन नावाचा ग्राही असतो, आणि तो मॅनोज ओळखतो. डासाच्या पेशींत वाढवलेला डेंग्यूचा विषाणू याच ग्राहीच्या आधारे या पेशींत शिरतो, हे २००३ मध्ये दिसलं. वेस्ट नाईल विषाणूच्या बाबतीत २००६ मध्ये आढळलं की तो डासाच्या पेशीत वाढवला की सस्तन प्राण्याच्या, यावरून तो डीसी-साइन किती चांगला वापरतो ते बदलतं. माणसात एक फेरी झाली की पुढच्या पिढीच्या विषाणूंवर आपली साखर असते आणि त्यांची वागणूक तेवढ्यापुरती वेगळी असते.

म्हणून अशा विषाणूंवरचा कुठलाही शोधनिबंध हातात आला की मी निष्कर्ष वाचायच्या आधी पद्धतींचा भाग उघडते आणि विषाणू कुठे वाढवला ते शोधते. एडिस अल्बोपिक्टस डासाच्या सी६/३६ पेशींत, की माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या व्हेरो पेशींत? ते लिहिलेलं नसेल तर तो विषाणू कुठल्या पेशीत कसा शिरला याबद्दलचं त्यातलं विधान मी बाजूला ठेवते आणि लेखकांना विचारते.